मराठी शब्दयादीचं इवलंसं पोर्ट

फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोर्ट्स संग्रहात तीस हजारांहून जास्त सॉफ्टवेअर आहेत. बलाढ्य ब्राउझर आणि डेटाबेस यांच्या गर्दीत ‘एमआर-अ‍ॅस्पेल’ही आहे. अ‍ॅस्पेल या शुद्धलेखन तपासनिसासाठीची ही मराठी शब्दयादी.

गंमत अशी, की पोर्ट म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बांधायची कृती; त्यात यादी नसतेच. दोन-तीन छोट्या फाइली असतात. मेकफाइलीत नाव, आवृत्ती, मूळ गठ्ठा कुठून उतरवायचा ते आणि सांभाळणाऱ्याचा पत्ता. ‘डिस्टइन्फो’त त्या गठ्ठ्याचा आकार आणि 64 अक्षरी ठसा. उतरवलेल्या फाइलीत एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला, तरी ठसा जुळत नाही आणि काम तिथेच थांबतं. 1994 साली जॉर्डन हबर्ड यांनी घालून दिलेली मेकफाइलींची ही घडी अजून टिकून आहे.

‘माझ्या मशीनवर तर चालतं’ ही सबब इथे कामाची नाही. ‘पूद्रिएर’ हे साधन कोऱ्या, बंदिस्त वातावरणात पोर्ट बांधून बघतं. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरची गरज लिहायची राहिली असेल तर लगेच उघडी पडते.

मराठीचं दुखणं वेगळंच. लोहगडवाडी या गावाचं नाव घ्या. लोहगडवाडीला, लोहगडवाडीहून, लोहगडवाडीतल्या, लोहगडवाडीकरांनीसुद्धा: प्रत्ययांचे नियम लिहिलेले नसतील, तर यंत्राच्या लेखी हे चार निराळे शब्द. गाव यादीत असलं तरी गावकरी तांबड्या रेघेखाली! ही दुरुस्ती पोर्टात ठिगळ लावून करू नये, असं माझं मत. ती मूळ यादीकडेच पाठवावी, म्हणजे डेबियन-फेडोरा या लिनक्सवाल्यांनाही मिळते.

फॉन्टांच्या बाबतीत असं मुळाशीच काम घडलेलं आहे. रेड हॅटने प्रसिद्ध केलेला लोहित फॉन्टसंच पुण्यात प्रवीण सातपुते यांच्यासारख्या अभियंत्यांनी सांभाळला. 2011 मध्ये तो ओपन फॉन्ट परवान्याखाली आला. ‘दऱ्या’मधला अर्धा र, मराठी वळणाचे ल आणि श यांसाठी डेबियनमध्ये आजही लोहितचं मराठी पॅकेज वेगळं मिळतं.

फ्रीबीएसडीत पोर्ट सांभाळणाऱ्याने तीन महिने उत्तर दिलं नाही, तर तो गैरहजर धरला जातो आणि पोर्ट दुसऱ्याकडे जाऊ शकतं. बेवारस पोर्ट तर कुणीही मागून घ्यावं. त्यासाठी संग्रहात थेट लिहिण्याचा अधिकार लागत नाही, बदल बगझिला या नोंदप्रणालीवर पाठवला की अधिकार असलेला कुणीतरी तपासून घेतो. लोणावळ्या-पुण्याच्या कॉलेजांत दर वर्षी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरणाऱ्या मुलांनो, एखादं मराठी पोर्ट अंगावर घ्या.