पित्ताची दखल

वेदगंगाकाठच्या मुरगूड परिसरात म्हैस ही घरची दौलत. तिच्या दुधाचा हिशेब दूधसंस्थेच्या दफ्तरी दोन्ही वेळा नोंदला जातो, शेणालाही मोल असते, परंतु तिच्या यकृतात अहोरात्र स्रवणाऱ्या कडवट पित्ताची दखल कोणत्याही खातेवहीत नसते. रसायनशास्त्राने मात्र ती फार पूर्वीच घेतली, आणि पित्ताम्लांच्या घटनेवरील संशोधनाबद्दल हाइनरिक वीलांट यांस १९२७ चे नोबेल पारितोषिक लाभले. त्यांनी मांडलेली रचना पाचच वर्षांत दुरुस्त करावी लागली, हा भाग निराळा.

गुरांच्या पित्तात मुबलक असणाऱ्या कोलिक आम्लाचा रेणू चार कड्यांचा व किंचित वाकलेला असून, त्याच्या एका अंगावर जलप्रिय असे तीन हायड्रॉक्सिल गट बसलेले, तर दुसरे अंग निव्वळ स्निग्धप्रिय असते. या दुटप्पीपणामुळेच पित्त आहारातील मेद पाण्यात मिसळवते, आणि जिवाणूंचे पटलही मेदद्रव्यांचेच असल्याने त्यावरही चालून जाऊ शकते. तथापि आतड्यातील पुष्कळसे जिवाणू पित्ताला पुरते सरावलेले. मॅकाँकी यांनी पित्तक्षार घालून सिद्ध केलेल्या संवर्धन-माध्यमात ते खुशाल वाढतात, आणि विषमज्वराचा जंतू तर कित्येकदा पित्ताशयातच वर्षानुवर्षे बिऱ्हाड करतो. तेव्हा निसर्गदत्त आम्लावर विसंबून भागत नाही.

त्यास धार कशी द्यावी, याचा इशारा १९९३ मध्ये एका शार्क माशाने दिला: त्याच्या ऊतींत सापडलेले स्क्वॅलामीन हे स्टेरॉइडाचा सांगाडा व धनभारित अमाइनांची साखळी यांचे संयुग होते. जिवाणूंचे पटल ऋणभारित, आपल्या पेशींचे बाह्य अंग बहुतांशी निर्भार. म्हणून असे संयुग जंतूलाच अधिक बिलगते. याच तत्त्वावर अमेरिकेत पॉल सॅव्हेज यांनी कोलिक आम्लापासून ‘सेराजेनिन’ घडविली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ब्रजगोपाल हाजरा, वंदना पोरे, मुकुंद देशपांडे प्रभृतींनी धरलेली वाट मला अधिक कल्पक वाटते: २००४ मध्ये त्यांनी बुरशीविरोधी गुण असलेले स्टेरॉइडांचे जोडरेणू प्रसिद्ध केले, आणि पुढे २००८ मध्ये पेनिसिलिनच्या कुळातील बीटा-लॅक्टम कडे ट्रायझोलच्या दुव्याने पित्ताम्लास जोडून, परिचित औषधाच्या अंशाला नवे वाहन दिले.

अडचण आहे ती तांबड्या रक्तपेशींची. त्यांचेही पटल मेदाचेच; आणि जंतूंचे आवरण फाडण्यास पुरेशी पडणारी मात्रा या पेशींना निर्धोक ठरेल, इतके अंतर दोहोंत राखल्याखेरीज कोणत्याही रेणूस रुग्णाच्या शिरेत दाखल होण्याची मुभा मिळत नाही.