दांडी : मारलेली आणि घडवलेली

माणसाला कोणत्या वयात कसला छंद जडेल याचा काही नेम नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी गच्चीत गुलाब फुलवतो. मला शेहेचाळिसाव्या वर्षी व्हिडिओ गेमची दांडी घरी घडवण्याचा नाद लागला. दांडी म्हणजे इंग्रजीत जिला जॉयस्टिक म्हणतात ती. तिची नि माझी ओळख मात्र जुनी. आणि ती झाली तीच मुळी दुसऱ्या एका दांडीमुळे!

१९९२-९३चा सुमार. डोंबिवलीला आमच्या घराजवळच्या गल्लीत एक व्हिडिओ पार्लर होते. काळोखी खोली आणि भिंतीशी ओळीने उभी कपाटाएवढी यंत्रे. रुपया टाकला की ‘स्ट्रीट फायटर टू’ सुरू! जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली काढलेल्या या खेळाने जगभरच्या पोरांना वेड लावले होते. गणिताच्या शिकवणीला दांडी मारून मी तिथली दांडी धरून उभा असे. एका संध्याकाळी मागून कोणीतरी माझा कान पिळला. वळून पाहतो तो अण्णा!

माझे वडील कारखान्यात फिटर होते. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, “ज्या यंत्रापुढे पैसे टाकून नाचतोस, ते आतून चालतं कसं, ते तरी ठाऊक आहे का?”

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

अण्णा आता ऐंशीचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणे सुधारले, चालणे सुधारले; पण उजवा हात मागेच राहिला. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी कोपऱ्यात भिरकावला. हत्यारांची पत्र्याची पेटी पलंगाखाली गेली ती गेलीच. गॅलरीतल्या खुर्चीत दिवसदिवस गप्प बसून राहत.

मे महिन्यात आमच्या चिरंजीवांनी, नववीतल्या ओंकारने, विकतच्या दांडीचा हट्ट धरला. किंमत ऐकून मी म्हणालो, “आपण घरीच करू.” सौभाग्यवतींनी अट घातली, “काय हवं ते करा, पण माझ्या पोळपाटाला हात लावायचा नाही!”

मी आणि ओंकार लॅमिंग्टन रोडला (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) जाऊन आलो. चार मायक्रोस्विच, तीस मिलिमीटरची आठ बटणे, वायरी आणि रास्पबेरी पाय पिको नावाची बोटाएवढी इलेक्ट्रॉनिक पट्टी एवढी खरेदी झाली. लोखंडी दांडी, गोलाकार बेअरिंग आणि स्प्रिंग हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. पेटीसाठी गेल्या वर्षीच्या गणपतीच्या मखराचे प्लायवुड होतेच. सगळा खर्च दीड हजाराच्या आतबाहेर.

आता वाचकांना यंत्राचे मर्म सांगतो. ही दांडी दिसते ऐटबाज, पण तिची अक्कल चार स्विचांपुरतीच. दांडी मध्यावर बेअरिंगमध्ये धरलेली असते. तिच्या खालच्या टोकाभोवती चार बाजूंना चार मायक्रोस्विच. टोक ज्याला दाबेल ती दिशा. तिरकी दिशा हवी तर शेजारचे दोन स्विच एकदम दाबले गेले पाहिजेत. तिच्यासाठी वेगळा स्विच नसतो. दांडीवर सैल बसवलेली एक रुंद वॉशर स्प्रिंगने वरच्या पत्र्याला दाबून धरलेली असते. दांडी कलली की वॉशरही कलते, स्प्रिंग आवळते. हात सोडला की स्प्रिंग वॉशरला पुन्हा सपाट बसवते आणि दांडी मध्यावर येते. सर्वांत खाली भोक पाडलेला एक पत्रा असतो. दांडीने किती दूर जावे याची ती लक्ष्मणरेषा.

प्रत्येक स्विचची एक वायर पिकोच्या आपापल्या पायाला आणि दुसरी सर्वांच्या सामाईक तारेला जोडायची. या पट्टीसाठी तयार प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो ओंकारने घातला.

पहिल्याच रात्री गंमत झाली. दांडी डावीकडे नेली तर पडद्यावरचा र्‍यू उजवीकडे पळू लागला! वरचे टोक डावीकडे गेले की खालचे उजवीकडे जाते, हे आम्ही दोघेही विसरलो होतो. वायरींची अदलाबदल करून ते निस्तरले.

खरी अडचण पुढेच होती. र्‍यूच्या हातून आगीचा गोळा सुटायचा तर दांडी आधी खाली, मग तिरकी खाली-पुढे, मग पुढे न्यायची आणि लगेच ठोशाचे बटण दाबायचे. आमचा र्‍यू नुसताच ठोसा मारी. चारही स्विच वेगवेगळे तपासले, उत्तम! मी सगळे डाग पुन्हा दिले. तीन रात्री अशा गेल्या. शेवटी ओंकार वैतागून म्हणाला, “बाबा, विकतचीच घेऊ या ना!”

तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला, “खालचं भोक कसं पाडलंय रे?”

“गोल, अण्णा. ड्रिलने.”

“तरीच! तीन दिवस ऐकतोय मी. खाली टक् वाजते, पुढे टक् वाजते, आणि मधे ती मुकी होते.”

त्यांनी कागद मागवला आणि डाव्या हाताने वेडेवाकडे वर्तुळ काढले. “गोल भोकात दांडी सरळ जाते सहा मिलिमीटर आणि तिरकीही सहाच. पण तिरक्या सहात खालचा वाटा सव्वाचार, पुढचाही सव्वाचार. तुझा स्विच दबतो पाचाला. मग कसा दबणार? भोक चौकोनी कर. कोपऱ्यात गेली की दोन्हीकडे सहा-सहा मिळतील.”

मी थक्क होऊन पाहत राहिलो. ओंकार मात्र न सांगता उठला आणि पलंगाखालची पेटी ओढून घेऊन आला.

कानस अण्णांनीच धरली. उजव्या हातावर डावा ठेवून ते सावकाश घासू लागले. मी पुढे होताच म्हणाले, “तू पत्रा घट्ट धर. तेवढं जमेल तुला.” एका कोपऱ्याला एक संध्याकाळ, अशा चार संध्याकाळी लागल्या. पाचव्या दिवशी पत्रा बसवला. ओंकारने दांडी फिरवली. टक्-टक् अशी जोडीने वाजली आणि पडद्यावर निळा गोळा सणसणत सुटला. सौभाग्यवतीही स्वयंपाकघरातून पाहायला आल्या!

त्या रात्री मी अण्णांना स्विचपासून पडद्यापर्यंत सगळे क्रमवार सांगितले. तोंडी परीक्षा घेतल्यासारखे त्यांनी ऐकले आणि म्हणाले, “हं. आता खेळ.”

सध्या दुसरी दांडी घडते आहे, कारण लढायला दोघे लागतात. रबरी चेंडू अजून कोपऱ्यातच आहे. पत्र्याचा चौकोन अण्णाच कानसतात. हात थरथरतो, म्हणून काटकोन साधायला वेळ लागतो. दिवाळीपर्यंत होईल असे ते म्हणतात. आम्हां कोणालाच घाई नाही.