खिळा नाही, स्क्रू नाही, तरी चौकट हलत नाही! पटाशीने पाडलेल्या एका भोकाचं गणित

जुन्या घरातली दाराची चौकट जवळून बघा. कोपऱ्यात खिळ्याचं डोकं सहसा दिसत नाही. आडवं लाकूड उभ्या लाकडात घुसून बसलेलं असतं. एकाला जिभेसारखं टोक काढतात, ते कुसू. दुसऱ्यात त्याच मापाचं चौकोनी भोक पाडतात, त्याला इंग्रजीत मॉर्टाइज म्हणतात. व्हिडिओ बघून सुतारकामाला लागलेले अनेक जण अडतात ते या भोकापाशीच.

युक्ती फार जुनी आहे. जर्मनीत लाइपझिगजवळ शेतकऱ्यांनी बांधलेल्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या ओकच्या विहिरी सापडल्या, त्यांच्या लाकडांत हे सांधे आहेत. २०१२ साली त्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्या माणसांकडे धातूची हत्यारं नव्हती, दगडाची होती. मग आज पोलादी पटाशी हातात असताना भोक वाकडं का जातं?

बहुतेक वेळा काम पहिल्या घावाआधीच बिघडलेलं असतं. शिकाऊ माणूस भोकाची रुंदी आधी आखतो आणि मग पटाशी शोधतो. सुतार उलटं करतो. लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश रुंदीची पटाशी उचलायची आणि तिच्याच पात्यावरून मार्किंग गेजचं माप लावायचं. ३६ मिमी जाडीला १२ मिमीची पटाशी. पात्याएवढीच रुंदी असली की भोकाच्या बाजू वेगळ्या तासाव्या लागत नाहीत. हेच माप कुसवालाही लागतं, आणि गेज दोन्ही वेळा लाकडाच्या एकाच बाजूला टेकवून चालवायचं. नाहीतर जोडल्यावर एक लाकूड वर, एक खाली.

भोक लाकडाच्या टोकाजवळ असेल तर टोकाला दोन-अडीच सेंटिमीटर लाकूड जास्तीचं ठेवतात. लाकूड तंतूंच्या दिशेने सहज फाटतं. जास्तीचं लाकूड तो ताण पेलतं.

आता घाव. सुरुवात भोकाच्या मधोमध, पातं तंतूंना आडवं. धारेची उतरती बाजू मध्याकडे, सपाट पाठ टोकाकडे. ठोकून ३-४ मिमी मागे सरकायचं, पुन्हा ठोकायचं. उतरती बाजू प्रत्येक घावाला चिप्पी मधल्या खड्ड्यात ढकलते. एका टोकाकडे गेलं की पटाशी फिरवून दुसऱ्या टोकाकडे. एका दमात पूर्ण खोली गाठायचा हट्ट नको, थरांनी उतरावं. आणि दोन्ही टोकांना २ मिमी लाकूड शेवटपर्यंत राखून ठेवायचं. कारण चिप्प्या उचकटताना पटाशी कुठेतरी टेकते आणि तिथली कड चेपते. चेपायची तर ही राखलेली कड चेपू दे. शेवटी तीही सरळ खाली उतरवून टाकायची.

भोक तिरकं जातंय का, हे पटाशीशेजारी गुण्या उभा केला की लगेच कळतं. पण नजर आधी धारेवर हवी. बोथट पटाशी पाइनसारखं मऊ लाकूड कापण्याऐवजी चेपते. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर मरते. बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो आणि ती निसटते. म्हणून लाकूड क्लॅम्पमध्ये धरायचं, हात धारेच्या पुढे कधीच नाही.

भोक झाल्यावरच कुसू कापायचं, कारण कुसवाच्या गालावरून थोडं लाकूड काढणं भोकाची भिंत सुधारण्यापेक्षा कितीतरी सोपं. ते हाताच्या दाबाने किंवा मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी आत जायला हवं. जोरात ठोकावं लागत असेल तर थांबावं, भोकाची भिंत फुटते. ढिलं झालं तर गालावर रंध्याची पातळ पापडी गोंदाने चिकटवून, वाळल्यावर पुन्हा मापात आणता येतं. नुसता गोंद भरून ती फट भागत नाही. लाकूडकामाचा नेहमीचा पांढरा गोंद दोन पृष्ठभाग घट्ट टेकलेले असतील तरच नीट धरतो.

गोंद सुकला की टोकाचं जास्तीचं लाकूड करवतीने उडवायचं.