दुकानांत जावें कीं घरबसल्या मागवावें?



घरांत एखादी वस्तु हवी झाली, कीं आजच्या गृहस्थापुढें दोन वाटा उभ्या राहतात. एक पेठेकडे जाते. दुसरी हातांतल्या मोबाइलमधून कोठल्या तरी दूरच्या वखारीकडे जाते. कोणती वाट धरावी, याचा निर्णय पुष्कळ लोक केवळ किंमत पाहून करतात. कांहीं सवयीनें, तर कांहीं जुन्याच्या अभिमानानें किंवा नव्याच्या हौसेनें. परंतु थोडा विचार केल्यास असें दिसून येईल, कीं हा प्रश्न मुळांत जुन्यानव्याचा नाहीं, आणि सर्वस्वीं किंमतीचाहि नाहीं. तो ओळखीचा आहे. वस्तूचा गुण आपल्याला कळतो कसा, आणि तो नसल्याचें आढळलें तर जबाब कोण देणार, या दोन गोष्टींवर आपली निवड ठरावी.

न पाहतां माल मागविणें ही कांहीं कालपरवांची गोष्ट नव्हे. १८७२ सालीं शिकागो येथें वॉर्ड नांवाच्या व्यापाऱ्यानें छापील यादीच्या आधारें खेड्यांतील शेतकऱ्यांना माल धाडण्यास प्रारंभ केला. हिंदुस्थानांत टपालखात्यानें १८७७ सालीं व्ही. पी. ची सोय केली. पोस्टमननें पुडकें दारीं आणावें, पैसे घ्यावे आणि ते माल धाडणाऱ्याकडे पोंचते करावे, अशी ती पद्धति. पुढें २००७ सालीं बंगळूर येथें निघालेल्या फ्लिपकार्टनें २०१० मध्यें माल हातीं आल्यावर रोख पैसे देण्याची सवलत दिली. तें जुन्या व्ही. पी. चेंच तत्त्व नव्या वेषांत आलें. या दोन्ही सोयींनीं माल घरीं येईल याची हमी मिळाली. पण तो चांगला निघेल याची हमी मात्र मिळाली नाहीं. आंत काय आहे, तें पैसे दिल्यावर आणि पुडकें फोडल्यावरच कळावयाचें!

अर्थशास्त्रज्ञांनीं या अडचणीचा बारकाईनें विचार केला आहे. फिलिप नेल्सन यांनीं १९७० सालीं वस्तूंचे दोन वर्ग सांगितले: ज्यांचा गुण घेण्यापूर्वींच तपासतां येतो त्या, आणि ज्यांचा गुण वापरल्यावरच कळतो त्या. डार्बी आणि कार्नी या दोघांनीं १९७३ सालीं तिसरा वर्ग जोडला: ज्यांचा गुण वापरल्यानंतरहि आपल्याला ठरवितां येत नाहीं, आणि ज्या केवळ विश्वासावर घ्याव्या लागतात.

हे तीनहि वर्ग एकाच गांवच्या मालांत पाहावयाचे असतील, तर आजऱ्याकडे वळावें. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, हिरण्यकेशीच्या खोऱ्यांत, आजरा हें तालुक्याचें गांव आहे. येथील दोन वस्तु शहरांतल्या घरांना ठाऊक आहेत: काजू आणि घनसाळ तांदूळ. दोन्ही पेठेंत मिळतात, आणि दोन्ही घरबसल्याहि मागवितां येतात.

प्रथम काजू घ्या. अख्ख्या काजूगराच्या पाकिटावर २४०, ३२० असे आंकडे असतात. एका पौंडांत, म्हणजे सुमारें ४५४ ग्रॅममध्यें, साधारणपणें जास्तीत जास्त तेवढे गर बसतात, असा त्यांचा अर्थ. आंकडा जितका लहान, तितका गर मोठा. हा गुण आंकड्यांत सांगतां येतो. तेव्हां आकारापुरता काजू दूरच्या विक्रेत्याकडून मागविण्यांत विशेष धोका नाहीं. मात्र गर ताजा आहे कीं खवट, हें आंकडा सांगत नाहीं. त्यासाठीं पाकीट भरल्याची तारीख पाहावी, आणि शक्य तर एक गर तोंडांत टाकून पाहावा.

घनसाळाची गोष्ट निराळी. हा आंखूड दाण्याचा तांदूळ सर्व भाव खातो तो आपल्या वासावर. सुगंधी तांदळाचा वास मुख्यतः २-ॲसिटिल-१-पायरोलिन या लांबलचक नांवाच्या द्रव्यामुळें येतो. हें द्रव्य हवेंत उडून जाणारें असल्यामुळें सांठवणींत वास हळूहळू कमी होतो. आतां छायाचित्रांत दाण्याचा आकार दिसेल, पण वास कसा दिसणार? दुकानांत मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन, तोंडाची वाफ देऊन हुंगतां येतो. आणि खरी परीक्षा तर भात शिजल्यावरच होते. म्हणून असा माल प्रथम थोडाच, नाकाखालून घालून घ्यावा. मनास आला, तर पुढच्या खेपेस त्याच विक्रेत्याकडून घरबसल्या मागविण्यास हरकत नाहीं.

परंतु हा तांदूळ आजऱ्याचाच आहे काय? हा तिसऱ्या वर्गांतील प्रश्न आहे. जेवल्यावरहि आपल्यापैकीं बहुतेकांना त्याचें उत्तर देतां येणार नाहीं. आजरा घनसाळाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्यामुळें त्या नांवाला कायद्याचें संरक्षण लाभलें. पण त्यामुळें प्रत्येक पिशवींतला दाणा आपोआप खरा ठरत नाहीं. येथें दुकान आणि मोबाइल दोघेहि सारखेच दुबळे. पिशवीवर उत्पादकाचें नांव-गांव आहे काय, आणि तो त्या मानांकनाचा नोंदणीकृत वापरकर्ता आहे काय, हें विचारणें एवढाच उपाय.

दुसऱ्या बाजूनें आजऱ्यांतल्या गिऱ्हाइकाकडे पाहूं. एखाद्या शास्त्राचा जाडा ग्रंथ किंवा जुन्या यंत्राचा सुटा भाग त्याला हवा आहे. वर्षांतून एखादेंच गिऱ्हाईक येणार असेल, तर गांवचा दुकानदार त्यांत भांडवल कां अडकवील? मोठी वखार साऱ्या देशाची मागणी एकत्र करते, म्हणून तिला तें परवडतें. येथें घरबसल्या मागविणें हेंच शहाणपणाचें. उलट चपला, चष्मा किंवा लग्नाचें लुगडें यांना अंगाचा, डोळ्यांचा आणि हाताचा निवाडा लागतो.

हिशेबांत एक रक्कम आपण बहुधा धरीत नाहीं. दुकानदार माल उघडून दाखवितो, चार नमुने पुढें ठेवतो, महिनाअखेरपर्यंत उधारी थांबवितो, बिघडलेली वस्तु परत घेऊन दुरुस्तीला धाडतो. त्याचें भाडें, दिवाबत्ती आणि नोकराचा पगार किंमतींत मिळविलेला असतो. त्याच्याकडे तासभर वस्तु पाहून, तीच बाहेर पडल्यावर मोबाइलवर स्वस्त मागविली, तर त्या तासाचे पैसे कोणी द्यावयाचे? कायदा याच्या आड येत नाहीं, आणि तंगींतल्या गृहस्थाला दोष देववतहि नाहीं. पण सर्वांनींच असें केलें, तर तो दुकानदार माल ठेवणें बंद करील. मग हात लावून पाहण्यास जागाच उरणार नाहीं. त्यापेक्षां दुसरीकडचा भाव त्याला मोकळेपणानें सांगावा. कित्येकदां तो दोन पावलें खालीं येतो. शिवाय आतां तोहि फोनवर यादी घेतो, आणि २०१६ पासून सुरू झालेल्या यूपीआयनें पैसे स्वीकारतो. ओळखीच्या दुकानदाराकडून घरबसल्या मागविणें हा दोन्ही वाटांचा संगमच होय.

राहिला जबाबाचा प्रश्न. ऑनलाइन विक्रीसंबंधींच्या २०२० च्या नियमांप्रमाणें अशा कंपनीनें तक्रार अधिकारी नेमला पाहिजे. त्यानें ४८ तासांत तक्रारीची पोंच द्यावी आणि एक महिन्यांत तिचें निवारण करावें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागतां येते. विक्रेत्याच्या गांवीं खेटे घालावे लागत नाहींत. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे. मात्र पावती नसेल, तर दुकानांत काय आणि मोबाइलवर काय, आपली बाजू लंगडीच पडते. तेव्हां ती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

सारांश, पुढची खरेदी करण्यापूर्वीं किंमतीच्या आधीं वस्तूकडेच पाहावें. तिचा गुण अक्षरांत किंवा आंकड्यांत उतरत असेल, तर दूरची वखार चालेल. तो नाकाला, बोटांना किंवा अंगालाच कळणारा असेल, तर पायांत चपला घालाव्या. आणि तो दोहोंनींहि कळणारा नसेल, तर माल कोठून घेतला यापेक्षां त्यामागें कोणाचें नांव उभें आहे, याची चौकशी करावी.