जुना ट्रॅक्टर विकताय? आधी किंमत काढा, मग इसार घ्या



गावात कुणाचा ट्रॅक्टर विकायचा आहे अशी कुणकुण लागली की दुसऱ्या दिवशी दलाल दारात उभा. चहा होतो, दलाल ट्रॅक्टरभोवती फेरी मारतो, टायरला लाथ मारून म्हणतो, "दादा, मॉडेल जुनं झालं, याला आता गिऱ्हाईक कुठाय?" आपण मनातून खचतो आणि तो सांगेल तो आकडा मान्य करतो. याउलट काही जण "मी सहा लाखाला घेतलाय, पाचच्या खाली देणार नाही" म्हणून अडून बसतात आणि ट्रॅक्टर दोन पावसाळे शेडात उभा राहतो. दोन्हीकडे नुकसान आपलेच.

किंमत कशी धरावी?

आपण केवढ्याला घेतला, हे विसरा. आज त्याच ताकदीचा नवा ट्रॅक्टर केवढ्याला मिळतो, ते आधी पाहा. नवा स्वस्त झाला की जुन्याचा भाव उतरतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, टायरवरील १८ वरून ५ टक्के. तेव्हा त्याआधीचे भाव सांगून उपयोग नाही.

नंतर तालुक्यात त्याच मॉडेलचे, त्याच सालाचे तीन-चार ट्रॅक्टर अलीकडे केवढ्याला गेले याची चौकशी करा. सांगितलेली किंमत नव्हे, हातात पडलेली. समजा, ती साडेतीन लाख आहे. तुमचे मागचे दोन्ही टायर संपलेत, त्याचे चाळीस हजार आणि क्लच घसरतो, त्याचे वीस हजार वजा करा. राहिले दोन लाख नव्वद हजार. ही तुमची रास्त किंमत. घासाघीस होणारच, म्हणून तीन लाख दहा हजार सांगा आणि दोन नव्वदला थांबा. दुरुस्तीचा आकडा मिस्त्रीकडून लिहून घ्या. दलाल वाढवून सांगू लागला की तो कागद पुढे करा.

रंगकामात पैसे घालू नका. जाणते गिऱ्हाईक नव्या रंगाला उलट बिचकते.

घेणाऱ्याने काय पाहावे?

नुसत्या तासांच्या मीटरवर विसंबू नका. सकाळी इंजिन थंड असताना जा आणि स्वतः चालू करून पाहा. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल खाते. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा. तो लगेच खाली बसला तर हायड्रॉलिकचे काम निघाले. ऊसवाहतुकीला जुंपलेल्या ट्रॅक्टरचा क्लच नीट तपासा.

शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन पाच वर्षांसाठी वाढते. मुदत जवळ आली असेल तर तो खर्चही हिशेबात येतो.

खरी मेख कागदात

आमच्या भागातील एका शेतकऱ्याने शंभराच्या स्टॅम्पवर ट्रॅक्टर विकला, पैसे मोजून घेतले आणि विसरला. नाव बदलले नाही. पुढे त्या ट्रॅक्टरचा अपघात झाला आणि भरपाईची नोटीस आली ती याच्याच घरी.

"मी तर विकलाय" हे तिथे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. त्या खटल्यातील गाडी पुढे अनेक हात फिरली होती, तरीही.

म्हणून नमुना २९ व ३० सह्या करून आर.टी.ओ.कडे द्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे असते. कर्ज फिटले असले तरी आर.सी.वरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेकडून ना हरकत दाखला व नमुना ३५ घ्या. विमा चालू ठेवा. अनुदानावर घेतला असेल तर हमीपत्रातील विक्रीची अट आधी वाचा. व्यवहाराची थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत मागे ठेवायची, असे दोघांनी ठरवले तर घेणाराही निश्चिंत राहतो. पण नाव बदलण्याचा पाठपुरावा विकणाऱ्यानेच करावा.

सरपंच व पोलीस पाटील यांनाही विनंती, की स्टॅम्पवर साक्षीदार म्हणून सही मागायला कुणी आले तर एवढेच विचारा, "नमुना २९-३० भरलेत का?" या एका प्रश्नाने एखाद्याचे शेत वाचेल.