गुडघ्यांची निगा

यवतमाळ जिल्हा कापसासाठी प्रसिद्ध आहे. तेथील स्त्रिया उकिडव्या बसून शेत निंदतात आणि वेचणीच्या दिवसांत कमरेला ओटी बांधून तासन्‌तास वाकतात. सायंकाळी त्यांचे गुडघे ठणकू लागतात. असे का व्हावे?

गुडघ्यात मांडीचे व नडगीचे हाड एकत्र येतात. त्यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. गुडघा फार वाकविला, की त्या कूर्चेवरील दाब वाढतो. मांडीचे स्नायू बळकट असल्यास ते सांध्याला आधार देतात.

म्हणून मधूनमधून उठून पाय सरळ करावे. शक्य तेथे लांब दांड्याच्या अवजाराने उभ्याने निंदावे. वळताना गुडघा न पिळता पाऊल उचलून वळावे. दुखते म्हणून चालणे सर्वस्वी सोडू नये. मात्र सूज आल्यास डॉक्टरांना दाखवावे.

मुलांनो, आई शेतातून परतली, की तिच्या डोक्यावरचे गाठोडे पुढे होऊन उतरवून घ्या. तेवढाच तिच्या गुडघ्यांचा भार हलका होईल!