मुक्त सॉफ्टवेअर, मराठी आवाज

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो, ते मुक्त सॉफ्टवेअर. कार्यालयीन कामाचे लिब्रेऑफिस हे त्यातलेच. मराठीतूनही वापरता येते, परवान्याचा खर्च शून्य. पण ते शिकवणार कोण? आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभारलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प हेच काम करतो.

धडा साधारण दहा मिनिटांचा. पडद्यावर एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर: पाहायचे, थांबवायचे, स्वतः करायचे. धड्याची संहिता आधी नवख्या माणसाकडून तपासून घेतात. तो अडला, तर संहिता सुधारतात. मग मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज दिला जातो. लिहिणारे, तपासणारे, भाषांतर करणारे वेगवेगळे. धडा मात्र सगळ्यांचा.

हे धडे डाउनलोड केले की इंटरनेटशिवायही चालतात. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा, देवरीकडच्या जंगलपट्टीतल्या शाळांसाठी ही सोय मोलाची आहे. तिथल्या शिक्षकांनी धडे वापरावेतच, शिवाय भाषांतराला आणि तपासणीलाही हात लावावा. मुक्त सॉफ्टवेअर अशा सहभागावरच वाढते.